सोमवारची दोन मिनिटं

कानोसा आला त्या वर्षी ईश्वरी भोंगाडे तिसऱ्या वर्षाला होती. २०३६ सालचा जुलै. परतवाड्याबाहेर, मेळघाटच्या डोंगरांकडे पाठ करून उभ्या असलेल्या गाविलगड विधी महाविद्यालयात त्याआधीच्या दोन वर्षांत तीन विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली होती. तिसऱ्या शोकसभेत प्राचार्य कस्तुरे बोलायला उभे राहिले आणि "आम्हाला कळलंच नाही" एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी कुणीतरी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

कळावं म्हणूनच कानोसा नावाचं यंत्र आणलं गेलं. वाचनालयाच्या कोपऱ्यात एक लाकडी खोली उभी राहिली. तिच्यात एक खुर्ची, एक मायक्रोफोन आणि भिंतीवर छोटा पडदा. दर सोमवारी प्रत्येक विद्यार्थ्याने आत जाऊन दार लावायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. कशाबद्दलही बोललं तरी चालेल.

हे यंत्र तयार करणाऱ्यांपैकी एक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. प्रतिमा हेडाऊ, आता कॉलेजच्याच समुपदेशन कक्षात बसणार होत्या. पहिल्या दिवशी सभागृहात त्यांनी सगळं समजावून सांगितलं. घशातले दोन इवलेसे पडदे थरथरतात आणि आवाज निघतो. ते किती ताणायचे, किती सैल सोडायचे, हे मेंदू क्षणाक्षणाला ठरवत असतो. नैराश्याचा आजार सुरू झाला की हा कारभार मंदावतो. आवाजातले चढउतार कमी होतात. 'आ' म्हणताना जीभ पूर्ण खाली जात नाही, 'ई' म्हणताना ओठ पूर्ण फाकत नाहीत. दोन शब्दांमधली शांतता सेकंदाच्या काही शतांशांनी वाढते. माणसाच्या कानाला एवढंच वाटतं की ही आज जरा दमलेली दिसते. यंत्राला मात्र फरक मोजता येतो, कारण ते तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता तुमच्याच पहिल्या महिन्यातल्या आवाजाशी करतं. शब्दांचा अर्थ त्याला कळत नाही. माणूस स्वतः मान्य करायच्या तीन-चार आठवडे आधी खोलीतल्या पडद्यावरची हिरवी रेषा पिवळी होते.

"हा थर्मामीटर आहे, औषध नाही," डॉ. हेडाऊ म्हणाल्या. "नैराश्य हा आजार आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत. बहुतेक लोक बरे होतात. वेळेवर कळलं तर लवकर होतात."

पहिल्या सहामाहीत अकरा जणांची रेषा पिवळी झाली. ते डॉ. हेडाऊंकडे गेले. कुणाला औषधं सुरू झाली, कुणी नुसतं बोलायला जात राहिलं. अकराच्या अकरा जणांनी परीक्षा दिली. त्या वर्षी शोकसभा झाली नाही.

मग जानेवारीत दूरच्या एका राज्यातल्या कॉलेजविरुद्धच्या खटल्याचा निकाल आला. तिथेही असंच यंत्र होतं. एका मुलाची रेषा पिवळी झाली होती आणि आठवड्याभरात तो गेला. न्यायालयाने म्हटलं की यंत्राने सांगितलं त्या क्षणापासून कॉलेजला माहीत होतं, आणि माहीत असूनही काही केलं नाही म्हणून ते जबाबदार आहे.

कायदा शिकवणाऱ्या माणसांना या निकालाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. पंधरा दिवसांत गाविलगडमध्ये नवा नियम लागला. रेषा पिवळी झालेल्या विद्यार्थ्याने 'काळजी रजे'वर जायचं. वसतिगृह सोडायचं, खटला लढवून दाखवायच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा आणि वकिलांकडची उमेदवारी बंद, पालकांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्यायचं आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्राशिवाय परत घ्यायचं नाही. डॉ. हेडाऊंनी या नियमाला लेखी विरोध केला. त्यांचं पत्र फाईलला लागलं. पुढे वकिलीची सनद घेताना ही रजा आड येते, अशी आवई मुलांमध्ये उठली. ती खोटी होती, पण खोटी आहे असं फलकावर लिहायची तसदी कुणी घेतली नाही.

तेव्हापासून मुलं सोमवारला घाबरू लागली.

निहारिका धोटे ही ईश्वरीची पहिल्या वर्षापासूनची खोलीतली सोबतीण. तिचे वडील प्रल्हाद धोटे वणीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. लोकांची भांडणं, वाटण्या, तक्रारी कागदावर नीट भाषेत उतरवून देणं हे त्यांचं काम. निहारिका लहानपणी शाळा सुटली की त्या टेबलाखाली बसून शिक्क्यांशी खेळायची. मराठी शाळेतून आल्यामुळे पहिल्या वर्षी तिला इंग्रजीतला प्रत्येक निकाल तीनदा वाचावा लागायचा. तिसऱ्या वर्षी ती वर्गात दुसरी आली. न्यायाधीश व्हायचं, हे तिचं आणि बापाचं ठरलेलं होतं.

चौथ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये ती पहाटे चारला जागी व्हायला लागली. उठायची नाही, नुसती पडून राहायची. एकच पान तासभर उघडं असायचं. मेसमध्ये पोळीचे तुकडे करून ताटात पसरून ठेवायची, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसतं. काय झालंय, असं ईश्वरीने विचारलं तेव्हा ती म्हणाली की काहीच झालेलं नाही, तोच तर त्रास आहे. डोक्यावर ओलं पोतं ठेवल्यासारखं वाटतं, आणि ते कुणी ठेवलं हे सांगता येत नाही.

एका सोमवारी ती त्या लाकडी खोलीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रेषा हिरवी होती, पण कडेला पिवळी पडत चालली होती. पुढच्या सोमवारी नक्की पूर्ण पिवळी होणार होती.

"मला घरी पाठवतील," ती म्हणाली. "बाबांनी अख्ख्या कोर्टात सांगून ठेवलंय. ते मला न्यायला येतील आणि वाटेत एक शब्द बोलणार नाहीत. मला ते बघवणार नाही."

ईश्वरीला आवाजाची जाण होती. तिचे वडील हिंगणघाटला हौशी नाटकं बसवायचे. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे उचलायचा, हे ती चालायला शिकली त्या वयात शिकली होती. अभिरूप न्यायालयाच्या दोन राज्य स्पर्धा तिने जिंकल्या होत्या. यंत्र काय मोजतं हे डॉ. हेडाऊंनी सगळ्यांना सांगितलेलंच होतं. तेवढं मोजमाप आठवड्यातून दोन मिनिटं बरोबर आणून द्यायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं. परीक्षा होईपर्यंतच. परीक्षा संपली की दोघी मिळून डॉक्टरकडे जायचं, असं ठरलं.

शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या गच्चीवर तिने निहारिकाला समोर बसवलं. तुला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीबद्दल बोल, म्हणाली. निहारिका बापाच्या टेबलाबद्दल बोलायला लागली. जांभळ्या शाईच्या पॅडचा वास. माणसं रडत-ओरडत येतात आणि बाबा मान खाली घालून लिहीत राहतात. मग ते कागद वाचून दाखवतात तेव्हा भांडणारा माणूस एकदम शांत होतो, कारण आपलं म्हणणं इतकं चांगलं आहे हे त्याला पहिल्यांदाच कळतं. हे सांगताना निहारिकाचा आवाज आपोआप वर गेला आणि ती हसलीसुद्धा. सोमवारी, २४ ऑगस्टला, ती तेच बोलली. रेषा स्वच्छ हिरवी आली.

त्यानंतर मात्र तो आवाज आपोआप वर जाईना. मग ईश्वरीने तो बसवला. 'शाई'तला 'आ' कुठपर्यंत उघडायचा, 'बाबा' म्हणण्याआधी किती थांबायचं, हसू कुठे येऊ द्यायचं. दर शनिवारी तालीम व्हायची. ईश्वरी मन लावून शिकवायची आणि निहारिका मन लावून शिकायची. दिवाळीची सुट्टी सोडली तर बारा सोमवार निघाले. बाराही हिरवे. हळूहळू बाकीच्या मुलींना कळलं आणि आणखी चार-पाच जणी शनिवारी गच्चीवर येऊ लागल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी, परीक्षेच्या आठ दिवस आधी, निहारिका एकाएकी शांत झाली. तिने केस धुतले, खोली झाडली. साक्ष्य अधिनियमाचं आपलं पुस्तक, ज्याच्या प्रत्येक पानावर तिने बारीक अक्षरात टिपणं काढली होती, ते ईश्वरीला दिलं. माझं वाचून झालंय, तुला लागेल, म्हणाली. ईश्वरीला हायसं वाटलं. पोरगी सावरली, असं तिने घरी फोन करून सांगितलंही. तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी कंपनी कायद्याच्या तासाला वसतिगृहाच्या अधीक्षिका वर्गाच्या दारात आल्या आणि त्यांनी फक्त ईश्वरीचं नाव घेतलं. निहारिकाने जीव दिला होता.

प्रल्हाद धोटे दुपारी आले. प्राचार्य त्यांना म्हणाले की कॉलेजने शक्य ते सगळं केलं होतं, परवाच्या सोमवारीसुद्धा तिची रेषा हिरवी होती. मुलीची आठवण आणि कॉलेजचा पुरावा असं दोन्ही म्हणून तिच्या शेवटच्या बारा हिरव्या सोमवारांचे आवाज त्यांना एका पेनड्राइव्हवर देण्यात आले. चौकशीसाठी निवृत्त जिल्हा न्यायाधीशांची समिती नेमली गेली. समितीपुढेही कॉलेजचं म्हणणं तेच होतं. यंत्राला कळलं नाही, तर माणसाला कसं कळणार?

ईश्वरी परीक्षेला बसली नाही. तीन आठवडे ती हिंगणघाटच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडून होती. एके सकाळी तिने आईला सांगून वणीची एसटी धरली.

धोटे काका कोर्टाबाहेर टेबलाशी होते. त्यांनी तिला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग खिशातून फोन काढून तिच्यासमोर ठेवला.

"रोज आयकतो मी," ते म्हणाले. "बाराच्या बारा. सगळ्यांत माह्याबद्दलच बोलते ते. शेवटच्या सोमवारीबी. मले वाटते, इतकी खुशीत बोलनारी पोरगी दोन दिवसांत अशी काहून करन? माह्या ध्यानातच येत नाही."

ईश्वरीने येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. तिने जसं झालं तसं सांगितलं. ओलं पोतं, पिवळी पडत चाललेली कड, गच्ची, शनिवार. सांगताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

एक पक्षकार सातबारा घेऊन आला. काकांनी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.

"मंग ते खोटं होतं का, पोरी?"

"शब्द खरे होते, काका. पहिल्या सोमवारी आवाजही खरा होता. नंतर मी तो बसवून घेतला."

"पहिला म्हनजे कोनता?"

"चोवीस ऑगस्टचा."

त्यांनी चष्मा लावून फोनमध्ये ती तारीख शोधली. सापडल्यावर तिच्यावर बोट ठेवून ते दिवाळीबद्दल बोलले. पोरगी घरी आली होती, अनारशाला हात लावला नाही, विचारलं तर म्हणाली अभ्यास आहे. आपणही पुढे विचारलं नाही, असं म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला आणि टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला.

"चौकशीत तोंडी सांगशील तं अर्धं गळून जाईन. लेखी दे. तू सांग, मी लिवतो."

"काका, तुम्ही नका लिहू. मी लिहीन."

"तुले येनार नाही," ते म्हणाले. "हे माहं काम हाय."

मग ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. 'खाली सही करणारी मी, ईश्वरी, वय बावीस, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' अशी सुरुवात झाली. बोलण्यातलं वऱ्हाडी कागदावर उतरत नव्हतं. अक्षर सरळ होतं, एकही खाडाखोड नव्हती. निहारिकाचं नाव पहिल्यांदा आलं तिथे पेन थांबलं. तिच्या नावाआधी 'कै.' लिहायचं होतं. वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी ते अक्षर हजारदा लिहिलं असेल. पक्षकार मागे उभाच होता. कोर्टातल्या शिपायाने कुणाचं तरी नाव पुकारलं. काकांनी अक्षर लिहिलं, पुढे टिंब दिलं आणि ओळ पुरी केली.

शेवटी त्यांनी सगळा मजकूर वाचून दाखवला. ईश्वरीने सही केली. निघताना ती पाया पडायला वाकली तर त्यांनी पाय मागे घेतले.

"तुले माफ केलं असं मी म्हनत नाही. जमन का नाही, मले आज माहीत नाही," ते म्हणाले. "पन हे कागदावर याले पायजे. दुसऱ्या कोनाची पोरगी असन तिथं."

समितीने तो कागद वाचला. ईश्वरीला दोन दिवस प्रश्न विचारले. डॉ. हेडाऊंना बोलावलं आणि फाईलला लागलेलं त्यांचं पत्र बाहेर काढलं. डॉ. हेडाऊ समितीला म्हणाल्या की मुलीने यंत्राला फसवलं हे खरं, पण आजारी माणसाला कॉलेजबाहेर काढायचा नियम केला की तो आजार लपवणारच. कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. आपणच मुलांना लपवायला लावलं.

उन्हाळ्यात अहवाल आला. काळजी रजा रद्द झाली. रेषेचा रंग फक्त विद्यार्थी आणि समुपदेशक यांनाच दिसेल असं ठरलं. समुपदेशक एकाचे चार झाले. सनदेला काही बाधा येत नाही, हे मोठ्या अक्षरात फलकावर लागलं. वसतिगृहाच्या अधीक्षिका, मेसवाले, वाचनालयाचे लोक आणि सगळे विद्यार्थी यांच्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण सुरू झालं. त्यात डॉ. हेडाऊ एक गोष्ट आवर्जून सांगायच्या. समोरच्या माणसाला मरावंसं वाटतंय अशी शंका आली तर त्याला तसं सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते.

ईश्वरीचं एक वर्ष गेलं. ती शिक्षा अहवालातच होती. त्या वर्षात ती स्वतःही आजारी होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी औषधं दिली. ती घेऊन पहिला दीड महिना काहीच फरक पडला नाही, मग हळूहळू झोप लागायला लागली. जुलै २०३९ मध्ये ती कॉलेजात परतली तेव्हा तिच्या वर्गातली मुलं वकील होऊन गेली होती. काही प्राध्यापक तिच्याशी बोलत, काही तिला पाहून वाट बदलत. इतर कितीतरी कॉलेजांत काळजी रजा अजून चालूच होती. वणीहून कधी काही कळलं नाही. तिने दोन पत्रं पाठवली होती, पण उत्तर आलं नाही.

सप्टेंबरात मुग्धा इंगोले नावाची पहिल्या वर्षाची मुलगी तिला शोधत आली. दुपारची वेळ होती, ईश्वरी मेसच्या मागच्या नळावर आपलं ताट धूत होती. मुग्धा शेजारी उभी राहून आपलं स्वच्छ ताट पुन्हा धुवायला लागली.

"ताई, तो हिरवा आवाज तुम्ही शिकवायच्या म्हणतात. मला शिकवाल?"

ईश्वरीने तिला सांगितलं की आता त्याची गरज नाही, पिवळी रेषा आली तरी कुणी घरी पाठवत नाही. मुग्धाला ते माहीत होतं. फलक तिने वाचला होता. तरीही नकोच, म्हणाली. रेषा पिवळी झाली की आपल्याला स्वतःला ती दिसते, तेच नको.

ईश्वरीने तिच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. त्यावर अन्नाचा कण नव्हता, कधी वाढलेलंच नव्हतं. तिने नळ बंद केला.

"मुग्धा, तुला मरावंसं वाटतं का?"

मुग्धाने मान फिरवली. रागावून निघून जाईल असं वाटलं. दोन पावलं ती गेलीही. मग तिथेच उभी राहिली.

"आधी कधीतरी वाटायचं," ती म्हणाली. "या आठवड्यात रोज वाटतंय."

ईश्वरीने दोन्ही ताटं तिथेच कट्ट्यावर ठेवली. मी तुझ्यासोबत चालते, म्हणाली, आत्ताच, आणि तू सांगशील तेवढा वेळ थांबते. अडीच वाजता तिचा स्वतःचा चाचणीचा पेपर होता. तो तिला आठवला, पण ती त्याबद्दल बोलली नाही. समुपदेशन कक्षात डॉ. हेडाऊ आतल्या मुलाशी बोलत होत्या. ईश्वरीने दार वाजवून एका वाक्यात सांगितलं, आणि पाच मिनिटांत घेते असं आतून उत्तर आलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. मुग्धा रडत नव्हती. तिचे हात मात्र गार पडले होते. ईश्वरीने त्यातला एक धरला.

"तुमच्या त्या मैत्रिणीला," मुग्धाने थोड्या वेळाने विचारलं, "तुम्ही असंच विचारलं तेव्हा ती काय म्हणाली होती?"

"मी तिला विचारलं नव्हतं," ईश्वरी म्हणाली.

मुग्धाने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. आतून नाव पुकारलं गेलं तेव्हा तो न सोडताच ती उठली.